चिंचोक्याचा गम सूरतला नेला तेव्हा

आमच्याकडे अमळनेरला सूरतहून जाऊन आलेला माणूस साड्यांबद्दल बोलतो, नाहीतर खाण्याबद्दल. मी खळीबद्दल बोलणार आहे. खाण्याबद्दलपण बोलेन, पण मधूनमधून.

आमच्या गावाबाहेर शेठचा चिंचोके दळायचा कारखाना आहे. चिंचोके भाजायचे, सोलायचे, दळायचे आणि ती पावडर पोत्यात भरून सूरतला पाठवायची. तिथं ती पाण्यात शिजवली की जाड, लिबलिबीत खळ होते. तिला सगळे गम म्हणतात. गमात रंग कालवून साडीवर फुलं छापतात. गम चांगला असला तर फूल जिथं छापलं तिथंच बसतं. वाईट असला तर हातपाय पसरतं. आमच्या मागच्या मालाचं पसरलं. गुलाबाचा पत्ताकोबी झाला, नमुना घेऊन कुणाला तरी पाठवा, असा निरोप आला.

मी कारखान्यात चाळणीवर. मला पाठवायचं कारण एवढंच की मला गुजराती येतं असं शेठला वाटायचं. सूरतचा एक दलाल अधूनमधून यायचा. तो गेला की मी त्याची नक्कल करायचो. मान तिरकी, तोंडात पानाचा तोबरा, सूर हुबेहूब. सूर पूर्ण होता, त्यात शब्द चारच होते. शेठनं एकदा दाराआडून ऐकलं. म्हणाला, "पक्या, तू जा. तुझं गुजराती तर त्याच्यापेक्षा साफ आहे." मी काही खुलासा केला नाही. फुकटात सूरत कोण सोडतं.

आईनं मात्र नाक दाबायला रुमाल आणि कापराची पुडी दिली. सूरतला प्लेग आला होता त्याला आता बरीच वर्षं झाली, पण आईपर्यंत बातमी पोचली ती तिथंच मुक्कामाला राहिली. "उंदीर दिसला तर लगेच गाडीत बस," म्हणाली. मी सांगितलं, आपल्या घरात रोज दोन दिसतात. तर म्हणाली, "ते आपले आहेत."

उधना

पॅसेंजर कशी असते ते तुम्हाला माहीत आहे, ते सोडून देऊ. उधन्याला उतरलो. पिशवीत पावडरचे दोन डबे, खांद्याला कपडे. आईनं सांगितलं होतं त्यापेक्षा शहर एवढं स्वच्छ की मीच घाण वाटायला लागलो. कोपऱ्यात थुंकायला गेलो तर एका म्हाताऱ्यानं असं बघितलं की गिळून टाकलं.

रिक्षावाल्याला दलालाच्या सुरात म्हटलं, "डिंडोली जवुं छे, भाई." सूर इतका अस्सल बसला की गडी खूश. त्यानं रिक्षा काढली आणि बोलायला लागला. सूरतची माणसं प्रेमानं शिव्या देतात असं ऐकलं होतं. हा तर फारच प्रेमळ निघाला. तो विचारायचा, मी मान तिरकी करून "हा, बराबर" म्हणायचो. तो पुन्हा विचारायचा, मी पुन्हा "बराबर." डिंडोली उधन्याच्या शेजारी आहे असं तिथं राहणाऱ्या माझ्या मामानं कळवलं होतं आणि आम्ही तर पूल काय ओलांडतोय, उंच उंच कापड मार्केटं काय बघतोय. शेवटी एका मोठ्या मार्केटच्या दारात रिक्षा थांबली.

मी हिंदीत म्हटलं, भाईसाब, डिंडोली?

तो वळून बघायला लागला. "अरे, मी विचारलं, आधी रिंग रोडला पार्सल टाकून मग गेलो तर चालेल का. तू म्हणाला बराबर. मग विचारलं, मार्केट बघून जायचं का. तरी बराबर." हे तो मराठीत म्हणाला. म्हटलं, तुम्ही कुठले? म्हणाला, "शहाद्याचा. आणि तू?"

"अमळनेर."

"मग अर्धा तास माझ्या डोक्याला गुजरातीचा ताप कशाला दिला, भो?"

डिंडोली

मामाचं घर म्हणजे एक खोली, एक स्वयंपाकघर, आणि आजूबाजूला ओळीनं सगळी आपल्याकडची माणसं. धुळे, शिंदखेडा, पारोळा, कुणी तिकडचं नंदुरबारचं. घरात अहिराणी, गल्लीत हिंदी, पोरं गोट्या खेळताना गुजरातीत भांडतात. एकच पोरगं आईला एका भाषेत भूक लागली सांगतं आणि मित्राला दुसऱ्या भाषेत खोटं बोलतं.

माझा मामा, बाबुराव, पांडेसऱ्याच्या एका प्रिंटिंग मिलमध्ये कलर किचनला आहे. मिलमध्ये जिथं गम शिजवतात आणि रंग कालवतात त्याला कलर किचन म्हणतात. नावाप्रमाणेच आहे ते. मोठमोठे ड्रम, मोठमोठे दांडे, आणि मधे मामा. मिलमधले सगळे त्याला बाबुभाई म्हणतात. आमचा गम त्या मिलमध्ये घुसवला तोच मामानं. गावचा माल म्हणून.

मामीनं दारातच सांगितलं, "ये रे भाऊ. हातपाय धुई ले. मंग तुना मामाले ईचार, काय दिवे लावेल शेत." म्हणजे, मामाला विचार काय दिवे लावलेत ते. मामी सगळं अहिराणीतच बोलते. पुढचं मी मराठीत सांगतो, नाहीतर पुण्याचे वाचणारे अडकतील.

मामा गॅसपाशी उभा होता. चहाच्या पातेल्यात चमचा घालून ढवळत होता. चहा केव्हाच झाला होता. तरी ढवळत होता.

"काही नाही रे," मामा म्हणाला. "गुलाब पसरला तर प्रिंटिंग मास्तर सगळ्यांसमोर म्हणाला, बाबुभाई, तुमच्या गावचा गम म्हणजे पेज आहे. मला राग आला. मी म्हटलं, लॅबला तपासा. माझ्या गावचा गम नापास झाला तर मी कलर किचन सोडतो आणि बॉयलरवर जातो."

"आणि मास्तर म्हणाला, मंजूर," मामी म्हणाली. "सगळ्यांसमोर. आता लॅबचा कागद आला की हे तिकडं कोळशात. मी सांगून ठेवते, बॉयलरचे कपडे मी धुणार नाही. तुम्ही त्यांच्यासकट मोरीत बसायचं."

मामा हसला नाही. मोठ्या माणसाला अशी मान खाली घालून चहा ढवळताना बघणं चांगलं नाही. मी नक्कल करून हसवायला गेलो, रिक्षावाला केला. मामी हसली. मामानं चहा गाळला, कपात ओतला, आणि कपात साखर नसतानाही दोन फेरे ढवळून मग मला दिला.

पांडेसरा

सकाळी मामाबरोबर मिलला गेलो. पांडेसऱ्याची गटारं रोज वेगळ्या रंगाची असतात. त्या दिवशी जांभळी होती. आपल्याकडे लोक आभाळ बघून पावसाचं सांगतात, इथं गटार बघून सांगतात की लग्नसराईला कोणता रंग चालणार.

प्रिंटिंग मास्तर जयंतीभाई. बारीक, पांढरे कपडे, आणि त्या पांढऱ्या कपड्यांवर इतक्या रंगांच्या मिलमध्ये एक ठिपका नाही. मला म्हणाले, "तुम्ही गमवाले? बेसो ने." आणि बसायला जागा नव्हती. मग मला लांब टेबल दाखवलं. साठ-सत्तर पावलं लांब असेल. त्यावर साडी चिकटवतात, जाळीची चौकट ठेवतात, चौकटीत रंगाचा गम ओततात, आणि दोन माणसं रबराची पट्टी ओढतात. सर्र. चौकट उचलली की गुलाब. पुढं सर्र, पुन्हा गुलाब. त्यांच्या पायांची चाल मला लगेच जमली. टेबलावरच्या एकानं ओळखलं की मी त्याचीच चाल करतोय आणि ओली पट्टी माझ्याकडं झटकली. शर्टाच्या खिशावर अर्धा गुलाब आला. पसरला नाही. तो आमच्या नाही, राजस्थानहून येणाऱ्या दुसऱ्या गमाचा होता.

जयंतीभाईंनी तो गुलाब बोटानं दाखवला आणि मामाकडं बघितलं. मामानं आमच्या गमाच्या ड्रममधला दांडा धरला आणि जोरात ढवळायला लागला.

लॅब

दुसऱ्या दिवशी लॅबला गेलो, ती मिलच्या बाहेरची. तिथं हेतलबेन. माझ्यापेक्षा थोड्या मोठ्या, चष्मा, पांढरा कोट, तोंडात बडीशेप. त्यांनी आदल्या दिवशीच दोन गम शिजवून ठेवले होते, एक राजस्थानचा आणि एक आमचा, मी पोचवलेल्या डब्यातला, आणि रात्रभर झाकून ठेवले होते. मामा माझ्याबरोबर आला. त्यानं रजा टाकली होती.

यंत्र मी वर्णन करून सांगतो, कारण ते बघायला मी गेलो होतो आणि साडीची मार्केटं सगळेच सांगतात. दोन गोल स्टीलच्या थाळ्या, एकावर एक. दात नसलेलं जातंच म्हणा. खालची हलत नाही. तिच्यावर चमचाभर गम ठेवायचा. मग वरची थाळी अगदी सावकाश खाली येते आणि गमाला चेपते. किती सावकाश? आमचे हेडमास्तर खुर्चीत बसायचे तशी. गम थाळीला वर ढकलतो. किती जोरात ढकलतो ते एक पेन सरकत्या कागदावर रेघ मारून सांगतं. गम घट्ट तर रेघ डोंगर चढते. मग थाळी थांबते. तशीच दाबून थांबते. तर गम हळूहळू हार मानतो आणि रेघ उतरते. मग थाळी वर उचलली की गम थोडा मागं येतो, रबरासारखा.

"आधा पानी, आधा रबर," हेतलबेन म्हणाल्या. "धीरे दबाओ तो पानी. जल्दी दबाओ तो रबर. छोडो तो उसको थोडा याद रहता है कि पहले कैसा था."

म्हटलं, आमच्या गावात असे दोन सरपंच होऊन गेले. त्या हसल्या. मामा हसला नाही.

राजस्थानचा गम आधी लावला. रेघ चढली, मस्त चढली, थांबली, उतरली. हेतलबेन थाळ्या पुसायला कपडा आणायला आत गेल्या. आल्या, आमचा गम लावला. थाळी खाली आली. रेघ थोडीशी उठली, म्हशीनं मान वर करून बघावं तशी, आणि परत बसली.

"फिरसे," त्या म्हणाल्या. पुन्हा कपडा, पुन्हा पुसणं, पुन्हा आमचा गम. रेघ आणखी खाली. तिसऱ्यांदा तर पेन कागदावर जवळजवळ सरळच चाललं. मी तोंडानं त्या यंत्राचा आवाज काढत होतो, तो बंद केला. मामाचा चेहरा बघवत नव्हता. तो एवढंच म्हणाला, "बॉयलरवर पहिल्या पाळीचा माणूस चांगला आहे. ओळखीचा आहे."

हेतलबेन कागद हातात धरून कपाळाला आठ्या घालून बसल्या. "एकच भांडं, एकच गम," त्या हिंदीत म्हणाल्या, "आणि दरवेळी आणखी पातळ. असं होत नाही. जेवून घेऊ, मग लिहिते."

व्हरांड्यात डबे उघडले. त्यांच्या डब्यातली डाळ गोड होती. डाळीत गूळ घालणाऱ्यांना मी आधी आजारी समजायचो, पण दुसऱ्या वाटीला माझं मत बदललं. मामानं मामीचा ठेचा पुढं केला. हेतलबेननी बोटभर खाल्ला आणि बराच वेळ त्या आणि मामा दोघंही रडके दिसत होते, वेगवेगळ्या कारणांनी.

ते वातावरण मला सोसलं नाही. मी नकला सुरू केल्या. शेठ केला, दलाल केला, जयंतीभाई केले. मग मामा केला. मामा करणं सोपं आहे. उजवा हात, कोपर बाहेर. एक चमचा घ्यायचा. समोर काही का असेना, चहा, वरण, भाकरीचं पीठ, त्यात चमचा घालायचा. पाच-सहा फेरे. मग चमचा वर उचलून तार बघायची, मान हलवायची, परत पाच-सहा फेरे, आणि तोंडानं "हं." मी डाळीच्या वाटीत सगळं करून दाखवलं. हेतलबेन हसून हसून ठसकल्या. मामापण हसला, त्या दिवशी पहिल्यांदा. "मी असं करतो?"

"अगदी असंच," मी म्हटलं. "आत्ता आतमध्येपण असंच केलं. ह्या कपडा आणायला गेल्या की तू काचेची कांडी घेऊन आपल्या गमात. तार बघितली, हं म्हणाला."

हेतलबेनचं हसणं बंद झालं. "आत? कुठल्या गमात?"

"आमच्या."

"कितीदा?"

"दरवेळी," मामा म्हणाला, अगदी साधेपणानं. "न ढवळता गम कोण देतं? तसा द्यायचा म्हणजे पाहुण्याला पाणीही न विचारण्यासारखं आहे."

खरं सांगतो, तिन्ही वेळा मी तिथंच उभा होतो. तिन्ही वेळा बघत होतो. पण मामाच्या हातात दांडा असणं म्हणजे मामाला मिशा असणं. ते दिसत असतं, कुणी बघत नाही.

"आणि राजस्थानच्या गमात?"

मामाला राग आला. "त्याची सेवा मी कशाला करू? मिलमध्येपण माझा जास्त हात आपल्या गावच्या गमालाच."

मग हेतलबेननी आम्हाला समजावलं. गम रात्रभर बसतो तेव्हा आतल्या आत स्वतःची जाळी विणतो. तीच थाळीला वर ढकलते, तीच फुलाला जागेवर धरते. छापताना पट्टीनं क्षणभर ती हलली तर लगेच सावरते, पण मामासारखा हात फिरला तर पार उसवते, वर हवेचे बुडबुडेपण भरतात. मग थाळी येते आणि उसवलेल्या गमाला चेपते. तो काय ढकलणार.

"मिलमध्ये," त्यांनी विचारलं, "टेबलावर द्यायच्या आधी कोण ढवळतं?"

मामानं ठेच्याचा डबा बंद केला. मी त्याच्याकडं बघितलं, हेतलबेननी माझ्याकडं बघितलं. गुलाबाचा पत्ताकोबी कुणी केला ते तिघांनाही कळलं होतं.

"कल सुबह," त्या म्हणाल्या. "नवा गम. आणि तुम्ही बाहेर."

तापीकाठ

संध्याकाळी मामाचं मन रमवायला आम्ही पोंक खायला गेलो. पोंक म्हणजे आपला ज्वारीचा हुरडाच. पण आपल्याकडे हुरडा म्हणजे शेतात जायचं, हात भाजायचे, डोळ्यात धूर घ्यायचा आणि घरी येऊन आजारी पडायचं. इथं तंबूत खुर्चीवर बसायचं आणि हिरवेगार दाणे कागदाच्या पुड्यात, वर लिंबू-मिऱ्याची शेव. हात स्वच्छ. मला वाटलं, हुरडा शिकून शहरात नोकरीला लागला.

मामा पुड्यात बोट घालून दाणे ढवळत होता. मी बघितलं तशी त्यानं बोट काढून खिशात घातलं.

"तीस वर्षं," तो म्हणाला. "तीस वर्षं मी समजत होतो की त्या हातामुळंच गम चांगला होतो."

मला यावर एकही नक्कल सुचली नाही. मी त्याला माझ्या पुड्यातली शेव दिली.

पुन्हा लॅब, आणि टेबल

दुसऱ्या दिवशी मामा व्हरांड्यात बसला, हात मांडीखाली दाबून, नापास पोराला वर्गाबाहेर बसवतात तसा. जयंतीभाईपण आले, आजपण पांढरे. त्यांना आत घेतलं.

थाळी खाली आली. पेन हललं. रेघ उठली, म्हशीसारखी नाही, बैलासारखी. चढत गेली. राजस्थानच्या रेघेच्या बाजूनं निघाली आणि थोडी वरच गेली. थाळी थांबली, रेघ सावकाश उतरली. थाळी उचलली, आमचा गम मागं आला. हेतलबेननी पुन्हा लावलं. तसंच. पुन्हा. तसंच.

जयंतीभाई म्हणाले, "कागद ठीक छे. मला कापडावर दाखवा."

मिलमध्ये आमचा गम रात्रभर ठेवला. ड्रमवर झाकण, झाकणावर वीट. सकाळी रंग कालवला तो अगदी हळू, आणि तोही जयंतीभाईंनी दुसऱ्या माणसाकडून. मग गम पुन्हा बसू दिला. टेबलावर गेला. सर्र. चौकट उचलली. मामा भिंतीला टेकून उभा होता, टेबलापासून लांब, डोळे मिटून. मीच बघितलं आणि सांगितलं. पाकळीची कड कड होती. कोपरा कोपरा होता. जयंतीभाईंनी खिशातून भिंग काढलं, वाकून एक गुलाब बघितला, दुसरा बघितला, आणि पहिल्यांदा त्यांच्या बाहीवर एक लाल ठिपका पडला.

"बाबुभाई," ते म्हणाले, "गाम तमारुं पास. तुमचं गाव पास." आणि सगळ्यांसमोर मामाच्या खांद्यावर हात ठेवला.

मामानं डोळे उघडले. जाऊन साडी बघितली. बराच वेळ बघितली.

"पण एक नवा कायदो," जयंतीभाई म्हणाले. "तुमची जागा कलर किचनलाच. गमवर नजर तुमची. कधी शिजला, कधी बसला, कधी द्यायचा, सगळं तुम्हीच सांगायचं. फक्त ढवळायचा नाही. कुणीच नाही, आणि तुम्ही तर मुळीच नाही."

मी परत निघायच्या आधी मामाला भेटायला कलर किचनमध्ये गेलो. दोन दिवस झाले होते नव्या कायद्याला. सहा ड्रम रांगेत झाकलेले, प्रत्येकावर वीट. मधे स्टुलावर मामा, हात मांडीवर, कुणाच्या घरी दहाव्याला बसल्यासारखा. दांडे भिंतीला टेकवून ठेवलेले, धुतलेले. मामी खूश होती, डब्यात शिरा दिला होता. शेठ खूश होणार होता. जयंतीभाईंनी मालाची पुढची ऑर्डर माझ्याच हाती दिली होती.

"मामा," मी म्हटलं, "जिंकलास की. बॉयलर टळला."

मामानं झाकणांकडं बघितलं, मग दाराबाहेर, जिथं बॉयलरची चिमणी दिसत होती, तिकडं बघितलं.

"हो रे," तो म्हणाला. "पण तिथं निदान कोळसा तरी हलवता येतो."